स्वर्गवृक्ष काढायचाय? कुऱ्हाडीआधी औषध

आज बोलायचंय एका झाडाबद्दल. ते तुम्ही लावलेलं नाही, बहुधा कुणीच लावलेलं नाही, तरीही ते तुमच्या कुंपणाशी, गॅरेजच्या मागे किंवा डेकच्या कडेला उभं आहे. इंग्रजीत त्याला ट्री ऑफ हेवन म्हणतात, म्हणजे स्वर्गवृक्ष. आपल्याकडे म्हणतात ना, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तसाच प्रकार.

इथे मध्य जर्सीत आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणाला लागून असंच एक झाड होतं. पंचवीस-तीस फूट उंच, सावली छान. पण बियांचा कचरा आणि फुलांचा वास नकोसा झाला, म्हणून मार्च महिन्यात एका माणसाला बोलावून ते तोडून घेतलं. दुपारपर्यंत काम आटोपलं. मोकळं ऊन अंगणात आलं, आम्ही खूश. जूनमध्ये लॉनमध्ये एकेक कोंब दिसायला लागला. जुलैपर्यंत आमच्या बाजूला तीस-चाळीस, आणि शेजारच्या आजोबांच्या टोमॅटोच्या वाफ्यात सात. आजोबा काही बोलले नाहीत. एके दिवशी उपटलेले सातही कोंब त्यांनी एका वर्तमानपत्रावर नीट मांडून आमच्या पायरीवर ठेवले. ते बघून जे वाटलं, त्यातूनच आजचा हा भाग तयार झालाय.

आजच्या भागाचं सार एका वाक्यात सांगते: बाकीची झाडं आधी तोडायची आणि मग बुडख्याचं बघायचं, पण हे झाड आधी मुळापासून मारायचं आणि मगच तोडायचं. क्रम उलटा झाला की एका झाडाची चाळीस झाडं होतात.

आधी ओळख करून घेऊ. याचं शास्त्रीय नाव आयलँथस अल्टिसिमा. मूळ चीनचं. १७८४ मध्ये विल्यम हॅमिल्टन नावाच्या बागप्रेमी गृहस्थांनी ते फिलाडेल्फियात आणलं, शोभेचं झाड म्हणून. शहरातली धूळ, धूर, खराब माती, कशालाही ते दाद देत नाही, त्यामुळे पुढे रस्तोरस्ती लावलं गेलं. ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ ही बेटी स्मिथ यांची १९४३ सालची कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. त्यातलं झाड हेच. तिथेही ते तोडतात आणि बुडख्यातून ते पुन्हा वर येतं. कादंबरीत ती जिद्द सुंदर वाटते. आपल्या फाउंडेशनच्या भिंतीशी मात्र तीच जिद्द महागात पडते.

आणि गंमत म्हणजे या झाडाचा एक चुलत भाऊ आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रात ज्याला महारूख म्हणतात, तो आयलँथस एक्सेल्सा. भराभर वाढणारा, मऊ लाकडाचा. त्याचं लाकूड काडेपेट्यांना आणि खोक्यांना वापरतात, पाला शेळ्या-मेंढ्यांना घालतात. गावाकडे महारूख पाहिलेल्या कुणाला हे झाड ओळखीचं वाटलं, तर ते बरोबरच आहे. फरक इतकाच, की तो तिथे आपल्या मातीत आहे आणि हा इथे पाहुणा म्हणून येऊन मालक झालाय.

आता तुमच्या अंगणातलं झाड तेच आहे की नाही, हे कसं ओळखायचं? ही पायरी गाळू नका, कारण इथे ब्लॅक वॉलनट आणि स्टॅगहॉर्न सुमॅक ही दोन देशी झाडं लांबून तशीच दिसतात आणि ती मारायचं काही कारण नाही. एक अख्खं पान तोडून हातात घ्या. एका लांब दांड्याला दोन्ही बाजूंनी छोट्या पर्णिका, कढीपत्त्याच्या काडीसारखी रचना, फक्त आकार दोन-तीन फुटांचा. आता एका पर्णिकेची कड बोटाने चाचपा. वॉलनट आणि सुमॅकच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. स्वर्गवृक्षाची कड गुळगुळीत असते, फक्त देठाजवळ एक-दोन जाड दाते असतात. मग ती पर्णिका चुरगळून वास घ्या. बरेच दिवस उघडं राहून खवट झालेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला, तर समजा तेच झाड. जुन्या खोडाची साल खरबुजाच्या सालीसारखी फिकट आणि जाळीदार दिसते.

मंडळी, काढायचं कशासाठी, तेही स्पष्ट करते. उगाच झाड तोडा असं सांगणाऱ्यांतली मी नाही. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि एक मोठी मादी वर्षाला लाखांच्या घरात बिया सोडते. मुळांतून येणारे फुटवे मूळ झाडापासून पन्नास फुटांपर्यंत निघू शकतात. त्याच्या मुळांतून आणि पानांतून एक रसायन जमिनीत उतरतं, ते आसपासच्या रोपांची वाढ रोखतं. आणि चौथं कारण आता शाळेतली मुलंसुद्धा सांगतील: स्पॉटेड लँटर्नफ्लाय. लाल पंखांवर काळे ठिपके असलेला तो किडा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडला आणि २०१८ मध्ये न्यू जर्सीत आला. दिसला की चिरडा, असं राज्य सरकार आपल्याला सांगतं, तोच हा. त्याला द्राक्षवेली, मेपल, अक्रोड, बरंच काही चालतं, पण सगळ्यांत लाडकं झाड हेच. तोही मूळचा त्याच प्रदेशातला, त्यामुळे माहेरचं जेवण मिळाल्यासारखं.

आता मुख्य मुद्दा. तोडलं तर उलट फुटवे का येतात?

झाडाच्या मुळांत पिठूळ साखरेचा साठा असतो. कणगीत धान्य भरून ठेवावं तसा. वर पानं आणि शेंडे जिवंत असताना ती एक प्रकारे मुळांवर वचक ठेवतात, त्यामुळे मुळांतले डोळे झोपलेले असतात. तुम्ही खोड कापलं की वचक गेला, पण कणगी भरलेली. मग मुळांतला प्रत्येक डोळा जागा होतो आणि त्या साठ्यावर वर येतो. मार्चमध्ये तर कणगी काठोकाठ भरलेली असते. म्हणजे आम्ही वर्षातली सगळ्यांत चुकीची वेळ निवडली होती.

मग बरोबर वेळ कोणती? जुलैपासून पानं पिवळी पडायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर. वसंतात रस मुळांकडून वर चढतो, त्यामुळे तेव्हा दिलेलं औषध मुळांपर्यंत जातच नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पानं तयार केलेली साखर खाली पाठवायला लागतात, पुढच्या हिवाळ्याची बेगमी म्हणून. त्या प्रवाहात तणनाशक सोडलं, तर झाड स्वतःच ते आपल्या मुळांच्या टोकापर्यंत नेतं. सगळी युक्ती एवढीच आहे. या दिवसांत बहुतेक पक्ष्यांची घरटीही रिकामी झालेली असतात. तरी वर नजर टाका, कारण १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं मोडणं हा गुन्हा आहे.

पद्धत खोडाच्या जाडीवर ठरते. बोटाएवढे, मनगटाएवढे फुटवे असतील आणि उंची आवाक्यात असेल, तर पानांवर फवारणी. थोडं मोठं, पण सहा इंचांपेक्षा कमी व्यासाचं झाड असेल, तर खोडाच्या तळच्या फूट-दीड फूट सालीवर तेलात मिसळलेलं ट्रायक्लोपर सगळ्या बाजूंनी लावतात. त्याहून मोठ्या झाडासाठी हॅक अँड स्क्वर्ट, म्हणजे घाव आणि थेंब. कमरेच्या उंचीवर छोट्या कुऱ्हाडीने तिरके, खाली उतरते घाव घालायचे, साल फुटून आतल्या पांढऱ्या लाकडाला जेमतेम लागतील इतके खोल. खोडाचा व्यास जितके इंच, अंदाजे तितके घाव. प्रत्येक घावात लगेच दोन-एक मिलिलिटर औषध पिचकारीच्या बाटलीने सोडायचं, ओघळ येऊ द्यायचा नाही.

इथे एक चूक हमखास होते. जास्त चांगलं म्हणून लोक घाव एकमेकांना जोडून सगळीकडून कडं करतात. तसं करू नका. दोन घावांमध्ये जिवंत साल राहिलीच पाहिजे. औषध खाली जायचा रस्ता तीच आहे. कडं केलंत तर रस्ता तुटतो, वरचं झाड मरतं आणि मुळांना वाटतं की आपल्याला तोडलंय. पुन्हा फुटवे हजर.

औषध कोणतं? ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपर ही दोन घरगुती कामाला पुरतात, ती जमिनीतून शेजारच्या झाडांना फारशी लागत नाहीत. इमॅझापर नावाचं औषध दुकानात दिसेल. ते प्रभावी आहे, पण मातीत टिकतं आणि शेजारच्या मेपललाही मुळांवाटे लागू शकतं, म्हणून छोट्या अंगणात नकोच. बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा. अमेरिकेत लेबलच्या विरुद्ध औषध वापरणं हा नुसता निष्काळजीपणा नाही, कायद्याचा भंग आहे. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मुलं व कुत्रा घरात. या झाडाच्या रसानेसुद्धा काहींच्या अंगावर पुरळ उठतं, त्यामुळे मोजे औषधासाठीही हवेत आणि झाडासाठीही.

औषध दिल्यावर निदान तीस दिवस काहीही करायचं नाही. पानं पिवळी पडतील, गळतील, आणि हात शिवशिवतील. थांबा. औषध मुळांच्या टोकापर्यंत पोचायला एवढा वेळ लागतो. पण वर्षानुवर्षंही ठेवू नका. याचं लाकूड ठिसूळ असतं, वाळलेली फांदी वादळात कुणाच्या गाडीवर पडेल. त्या हिवाळ्यातच उतरवून घ्या.

थोडं संगीत ऐकू या, आणि मग कागदपत्रांकडे आणि बुडख्याकडे वळू.

हं, परत आलो. औषधाच्या आधी तीन चौकश्या करायच्या असतात.

पहिली, झाड कुणाचं? घर घेताना मिळालेला सर्व्हे काढा. बुंधा बरोबर सीमारेषेवर असेल, तर साधारणपणे ते दोघांच्या मालकीचं धरलं जातं आणि शेजाऱ्याच्या संमतीशिवाय त्याला हात लावता येत नाही. तोंडी हो पुरेसं वाटतं, पण एक साधी ईमेल असू द्या.

दुसरी, टाउनशिपची परवानगी. न्यू जर्सीत बऱ्याच गावांत खाजगी जागेतलं ठरावीक जाडीपेक्षा मोठं झाड काढायला पर्मिट लागतं, आणि बदली झाड लावावं लागतं किंवा पैसे भरावे लागतात. काही ठिकाणी उपद्रवी झाडांना सवलत असते, काही ठिकाणी नसते. फोन करून विचारा, आणि झाड तोडण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा. टाउनहाउस असेल तर एचओएला वेगळं विचारावं लागतं. रस्त्याकडेची पट्टी बहुधा टाउनशिपची असते, तिथलं झाड आपलं नाही.

तिसरी, माणूस कोण? न्यू जर्सीत झाडांचं काम करणाऱ्या कंपन्यांना राज्याच्या ट्री एक्स्पर्ट बोर्डाकडे नोंदणी लागते, आणि त्यात परवानाधारक ट्री एक्स्पर्ट किंवा ट्री केअर ऑपरेटर असावा लागतो. नोंदणी क्रमांक मागा आणि बोर्डाकडे पडताळा. विम्याचं प्रमाणपत्रही मागा, दोन्हींचं: दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा आणि कामगारांचा विमा. ते कागद थेट विमा कंपनीकडून आलेले बरे. हे का सांगते? आमच्याकडे मार्चमध्ये आलेल्या माणसाने निम्म्या किमतीत काम केलं, आणि आम्ही एकही कागद मागितला नाही. त्याचा मुलगा दोर न बांधता वीस फुटांवर चढला होता. तेव्हा ते कौतुकाने बघितलं. आज आठवलं की पोटात गोळा येतो. तो पडला असता तर त्याच्या आयुष्याची जबाबदारी कुणाची होती, हा प्रश्न आम्हाला तेव्हा सुचलासुद्धा नाही.

घराजवळचं, विजेच्या तारेजवळचं, किंवा शिडी लागेल एवढं उंच झाड स्वतः तोडायला जाऊ नका. यूट्यूबवर बघून चेनसॉ भाड्याने आणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे वाक्य त्यांना पुन्हा ऐकवा.

आता बुडखा. झाड तोडण्याच्या दरात बुडखा काढणं बहुधा धरलेलं नसतं, ते वेगळं विचारा. जमिनीलगतच्या व्यासाच्या इंचांवर दर लावायची पद्धत आहे. स्टंप ग्राइंडर नावाचं यंत्र दातेरी चाकाने बुडखा किसत जमिनीखाली साधारण सहा ते बारा इंच जातं. खालची मुळं तिथेच राहतात. ती मेलेली असतील तर हळूहळू कुजून जातात. जिवंत असतील तर मात्र तुम्ही फक्त बुडखा किसलात आणि फुटव्यांना आमंत्रण दिलंत. म्हणून पुन्हा तेच: आधी औषध, मग कापणं, मग किसणं.

किसण्याआधी ८११ ला फोन. ही सेवा फुकट आहे आणि न्यू जर्सीत खोदकामाच्या निदान तीन कामाच्या दिवसांआधी फोन करणं बंधनकारक आहे. माणूस येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातो: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी फोन आणि केबल. तुमच्या स्प्रिंक्लरच्या किंवा शेडकडे नेलेल्या खाजगी वायरच्या खुणा मात्र तो करत नाही. त्या तुम्हीच दाखवायच्या.

काही घरगुती उपायही कानावर येतील. बुडख्यात भोकं पाडून मीठ भरा, तांब्याचे खिळे ठोका, रॉकेल ओता, पेटवून द्या. मिठाने माती नासते, तांब्याच्या खिळ्यांना हे झाड भीक घालत नाही, रॉकेल जमिनीतल्या पाण्यात उतरतं. आणि पेटवायचं म्हणाल, तर न्यू जर्सीत अंगणात झाडझाडोरा जाळायला सर्वसाधारणपणे बंदी आहे.

किसल्यावर भुशाचा मोठा ढीग उरतो, खड्ड्यात मावेल त्याहून जास्त. तो झुडपांखाली पसरा, भाजीच्या वाफ्यात नको. खड्ड्यात माती भरा, कारण भुसा कुजला की जमीन खचते. ओंडके दूर कुठे नेण्याआधी सालीवर वाळलेल्या चिखलाच्या शिंतोड्यासारखे राखाडी पट्टे दिसतात का बघा. ती लँटर्नफ्लायची अंडी. एकेका पट्ट्यात तीस ते पन्नास. शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत ती तिथे असतात. जुन्या क्रेडिट कार्डने खरवडून साबणाच्या पाण्यात किंवा हँड सॅनिटायझरमध्ये टाका.

आता ज्यांनी आमच्यासारखं आधीच तोडून टाकलंय, त्यांचं काय? घाबरू नका, पण फुटवे उपटूही नका. उपटताना मूळ तुटतं आणि तुकड्यातून नवा कोंब येतो. ताज्या कापलेल्या बुडख्याला औषध लावलं तर बुडख्यातून फुटणं थांबतं, दूरच्या मुळांतून येणारे फुटवे थांबत नाहीत. म्हणून फुटव्यांना जुलैपर्यंत खुशाल वाढू द्या. त्यांची पानं हाच आता मुळांपर्यंत जायचा रस्ता आहे. मग वारा नसलेल्या सकाळी पानांवर फवारा. शेजारच्यांच्या बाजूला आले असतील तर त्यांना सांगून, त्यांच्या भाजीपासून दूर. वाफ्यातल्या कोंबावर फवारा नकोच, ब्रशने त्याच्या पानांवर औषध लावा, तेही लेबलवर तशी पद्धत दिलेली असेल तरच. पुढची दोन-तीन वर्षं दर उन्हाळ्यात एक फेरी मारावी लागेल.

आम्ही तेच केलं. पहिल्या वर्षी चाळीस, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी दोन. शेजारच्या आजोबांकडे मी पहिल्याच आठवड्यात गेले होते, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. चूक आमची होती, असं सरळ सांगितलं. त्यांनी एक लाडू खाल्ला, आणि त्यांच्या वाफ्यातले कोंब कुठे कुठे येतात ते काठीने दाखवलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही दोघं मिळून ती फेरी मारतो.

रिकामी जागा मात्र रिकामी ठेवू नका. ऊन आणि मोकळी माती दिसली की त्याच झाडाचं बी पहिलं येतं. आमच्या घरात आंब्याचा प्रस्ताव आला होता, पण जर्सीच्या जानेवारीत आंबा काही टिकायचा नाही. जुन्या खड्ड्यापासून थोडं बाजूला आम्ही सर्व्हिसबेरी लावली. इथलंच देशी झाड, आटोपशीर उंची, वसंतात पांढरी फुलं आणि जूनमध्ये गोड, जांभळट फळं. पक्षी आपल्याआधी पोचतात, पण वाटीभर आपल्याही वाट्याला येतात.

जाता जाता कॅलेंडर पुन्हा सांगते, लिहून घ्या. जूनमध्ये ओळख पटवा, शेजाऱ्याशी आणि टाउनशिपशी बोला. जुलै ते सप्टेंबर औषध. तीस दिवस वाट. हिवाळ्याआधी किंवा हिवाळ्यात परवानाधारक माणसाकडून तोडणं. ८११ ला फोन करून मग बुडखा. वसंतात नवीन झाड. आणि पुढच्या दोन-तीन जुलैंमध्ये अंगणात एक फेरी, जमलं तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन.

भेटू पुढच्या भागात. तोवर अंगणातलं एखादं पान चुरगळून वास घेऊन बघा. नमस्कार.